गल्लीतले वाचनालय, गल्लीतलीच ग्रंथपाल

छत्रपती संभाजीनगर अर्थात पूर्वीचे औरंगाबाद हे बावन्न पुऱ्यांचे शहर म्हणून ओळखले जाते. उस्मानपुरा असो वा बायजीपुरा, दाट वस्तीत मुलांना, विशेषतः मुलींना, घराबाहेर हक्काची जागा क्वचितच लाभते. बायजीपुऱ्यातील शाळकरी मुलगी मरियम मिर्झा हिने ती पुस्तकांतून निर्माण केली. कोरोनाच्या काळात, जानेवारी २०२१ मध्ये, तिने स्वतःजवळची सुमारे दीडशे पुस्तके मांडून मोहल्ला बालवाचनालय सुरू केले. 'रीड अँड लीड फाउंडेशन'च्या साह्याने पुढे विविध वस्त्यांत अशी तीसहून अधिक वाचनालये उभी राहिली.

राज्याच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अनुदान मिळते. परंतु ग्रंथालय दूर असेल, तर लहान मुलीला तेथे एकटीने जाणे अवघड ठरते. गल्लीतले वाचनालय हाकेच्या अंतरावर असते आणि पुस्तकांची देवघेवही मुलेच पाहतात. नोंदवही सांभाळणारी मुलगी मग केवळ वाचक राहत नाही. वस्ती तिला तिच्या कामाने ओळखू लागते.

पुस्तके जीर्ण होतात, मुले मोठी होतात. नवी पुस्तके आणि नोंदवही हाती घेणारी पुढची मुले मिळत राहणे, हीच या चळवळीची खरी कसोटी आहे.