सडा दाखवायचा आणि सडा राखायचा

पिंगुळीला बाहेरगावची माणसं नवी नाहीत. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या पाहायला ती इथं येतात. याच पाहुण्यांना आपण सडा आणि शेती फिरवून दाखवली तर? गटाला चार पैसे मिळतील आणि सडाही टिकेल. ते कसं, हे आज आम्ही सांगणार आहोत.

सड्याला आपण 'पडीक' म्हणतो. मे महिन्यात तो तसा दिसतोही. पण पाऊस लागला की जांभ्यावरच्या बोटभर मातीत गवत उगवतं आणि श्रावण-भाद्रपदात फुलं फुलतात. निळी 'सीतेची आसवं' दिसायला नाजूक, पण मुळापाशी बारीक पिशव्यांत किडे पकडतात. 'दवबिंदू' चिकट थेंबांवर माशी धरतो. कातळावर खत कमी, म्हणून या झाडांची ही युक्ती. सड्याच्या फटींतून मुरलेलं पाणीच खालच्या झऱ्यांना आणि विहिरींना मिळतं.

तिथं चिरेखाण पडली, की हे सगळं जातं. अमेरिकेत प्रेअरी नावाची उंच गवताची मोठी माळरानं नांगराखाली गेली; शेकडा चारही उरली नाहीत. मॅडिसन इथल्या विद्यापीठानं १९३० च्या दशकात जुन्या शेतजमिनीवर देशी गवत पुन्हा लावलं. आज माहितगारांसोबत लोक तिथं फिरतात. पण ती माती होती, पुन्हा पेरता आली. कापून नेलेला जांभा आपल्या हयातीत परत येणार नाही. म्हणून सडा आधीच राखायला हवा.

शेतीचंही तसंच. कर्जत तालुक्यात नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताची वेगळी पद्धत रुजवली. गादीवाफे एकदाच करायचे. मग दरवर्षी नांगरणी, चिखलणी, लावणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. ती कुजून माती भुसभुशीत होते, गांडुळं वाढतात. लावणी नसल्यामुळे आपली कंबरही वाचते. असा एखादा वाफा आपल्याकडे केला, तर पाहुण्यांना त्याची आणि शेजारच्या नांगरलेल्या शेताची माती हातात देऊन फरक दाखवता येईल.

हे बायकांना जमेल का? वेंगुर्ल्याच्या स्वामिनी महिला बचत गटानं मांडवी खाडीत होडीतून कांदळवन दाखवायला सुरुवात केली, ती आपल्यासारख्याच बायकांनी. कवला, टाकळा, फोडशी कुठं उगवते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. फुलांची नावं एका पावसाळ्यात शिकता येतात.

मात्र गर्दी झाली तर पायांखाली सडा मरतो. साताऱ्याजवळचं कास पठार २०१२ साली जागतिक वारसा यादीत आलं. पुढे तिथं दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घालावी लागली. शुल्क आणि देखरेख आसपासच्या गावांची समिती पाहते. आपण लहान सुरुवात करावी:

एका फेरीत दहा-बारा माणसं, पुढे एक बाई, मागे एक.

जमीनमालकाची परवानगी आधी घ्यावी.

उघड्या कातळावरून चालावं, फुलांवरून नाही. काही तोडू नये.

सड्यावर फुरसं असतं. पायात बूट हवेत. दगडाखाली हात घालू नये.

विजा चमकू लागल्या, की फेरी थांबवून खाली यावं.

कातळशिल्प दिसलं तर त्यावर पाय देऊ नये. मालवण तालुक्यातल्या कुडोपीची कातळशिल्पं २०२२ साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली आहेत.

पैशांची वाटणी आधी ठरवा: वाट दाखवणारीचा वाटा, घावणे-उसळ करणारीचा वाटा, जमीनमालकाचा वाटा आणि सड्याच्या राखणीचा वाटा. जमीनमालकाला दर पावसाळ्यात काही मिळू लागलं, तर खाणवाल्याला 'नाही' म्हणायला त्याला बळ येईल.

गटाच्या येत्या बैठकीत हा विषय घ्या. पहिली फेरी पाहुण्यांशिवाय, आपल्या आपण करा. सोबत गावातली एखादी जाणती आजी न्या आणि ती सांगेल ती नावं वहीत लिहून घ्या.