जिवावरचे बोटावर

पनवेल हे रस्त्यांचे गाव. मुंबईहून पुण्याला जाणारा आणि गोव्याकडे वळणारा, दोन्ही रस्ते आमच्या उंबऱ्याशी फुटतात. त्यामुळे एस. टी. स्टँडवर घटकाभर बसावे, थोडक्यात बचावल्याची एखादी तरी हकिकत कानी पडतेच. सांगणारा घाटातल्या वळणाचे साग्रसंगीत वर्णन करतो, कपाळीचा घाम पुसतो आणि म्हणतो, “काळ आला होता, पण वेळ आली नव्हती!”

किती नेटके बोलणे! काळ आणि वेळ एरवी सख्खी भावंडे. इथे मात्र काळ म्हणजे यम आणि वेळ म्हणजे कपाळी लिहिलेला क्षण. यमराज दारापर्यंत आले, मुहूर्त जुळेना म्हणून रेडा वळवून माघारी गेले!

इंग्रज हिशेब करतो तो अंतराचा. न्हाव्याचा वस्तरा कातडीला लागता लागता राहावा, तसे संकट चाटून गेले की झाला ‘क्लोज शेव्ह’. मुष्टियुद्धात मार खाणारा गडी फेरी संपल्याच्या घंटेने सुटतो, तो ‘सेव्ह्ड बाय द बेल’. फळ्यापाशी अडलेल्या विद्यार्थ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही!

आपण मराठी माणसे किमतीचा हिशेब करतो: ‘जिवावरचे बोटावर निभावले.’ लोक या बोलाचे नाते शाएस्तेखानाशी जोडतात. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराज पुण्याच्या लाल महालात शिरले. खान बोटे गमावून वाचला. वर्गात हे सांगितले की मुले खुशीत हसतात. मग मी पुढचे सांगतो. त्याच रात्री, त्याच महालात खानाचा मुलगा मारला गेला. बापाचे बोटावर निभावले. मुलाला त्या बोलात जागाच नाही.

इंग्रजीतही तीच कथा. ‘बाय द स्किन ऑफ माय टीथ’ हा प्रयोग बायबलातल्या ईयोबाच्या वचनावरून आला. दाताला कसली कातडी? तेवढ्यावर वाचलो, असे तो म्हणतो. पण त्याआधीच वादळात घर कोसळून त्याची दहा मुले गेलेली होती.

वाचकहो, या साऱ्या म्हणी वाचलेल्यांनी घडवल्या. स्वतःपुरत्या त्या खुशाल वापराव्यात. मात्र अपघातातून उठलेल्या आप्ताच्या समाचाराला इस्पितळात गेलात, तर “वेळ आली नव्हती” म्हणण्यापूर्वी शेजारच्या खाटेकडे एकदा पाहावे. त्याच गाडीतून आलेले कुणी तिथे डोळ्यांना पदर लावून बसलेले असेल.