उडी फोनने मोजा, पण व्हिडिओ शेवटपर्यंत बघा

माझ्या मामेभावाला व्हॉलीबॉलचं वेड आहे. गेल्या महिन्यात त्याने स्वतःच्या उडीचा स्लो मोशन व्हिडिओ पाठवला आणि विचारलं, "दादा, किती उंच गेलो असेन, सांग ना." हे सांगायला कुठलंही ॲप लागत नाही. फोनचा कॅमेरा आणि न्यूटनचे नियम एवढं पुरतं.

उंची कशी मोजायची?

आपण जमिनीला खाली ढकलतो, जमीन आपल्याला तेवढ्याच जोराने वर ढकलते. हा न्यूटनचा तिसरा नियम. पाय सुटले की ढकलायला काही उरत नाही, मग फक्त गुरुत्वाकर्षण काम करतं. त्यामुळे हवेत किती वेळ होतो, यावरून उंची कळते:

उंची (सेंटीमीटर) = १२३ × वेळ × वेळ (सेकंदात)

व्हिडिओ २४० फ्रेमवर घ्या. पाय सुटल्यापासून परत टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजा आणि २४० ने भागा. भावाच्या १२० फ्रेम भरल्या, म्हणजे अर्धा सेकंद. उंची साधारण ३० सेंटीमीटर.

साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम चुकली, तर उत्तर ४ सेंटीमीटरने चुकतं. २४० मध्ये तीच चूक अर्ध्या सेंटीमीटरची होते. म्हणून स्लो मोशन.

एक चलाखी टाळा. हवेत गुडघे पोटाशी घेतले तर पाय उशिरा टेकतात आणि आकडा उगाच वाढतो. पाय सरळ ठेवून आधी चवडे टेकवा आणि लगेच गुडघे वाकवा.

खरी गोष्ट नंतरच्या फ्रेममध्ये होती

भावाचा आकडा काढला, पण माझी नजर पुढे अडकली. तो टेकला तेव्हा त्याचे गुडघे जवळजवळ वाकलेच नाहीत. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी मीही ब्लॉक करून असाच ताठ पायांवर उतरलो होतो. गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि मॅच खेळणं तिथेच संपलं. आमची उडी सगळे मोजायचे, उतरणं कोणी बघत नव्हतं.

आता गणित बघा. ३० सेंटीमीटरवरून खाली येणारं शरीर थांबवायचं आहे. पाय टेकल्यावर ते फक्त ५ सेंटीमीटरमध्ये थांबलं, तर पायांवर सरासरी वजनाच्या ७ पट बल येतं. गुडघे, घोटे आणि कंबर वाकवून ते ३० सेंटीमीटरमध्ये थांबवलं, तर २ पट. म्हणजे ६० किलोच्या मुलाच्या पायांवर ४२० किलो की १२० किलो, एवढा फरक! उडी तीच, वेगही तोच. फक्त थांबायला जास्त वेळ मिळाला. हा न्यूटनचा दुसरा नियम. कॅच घेताना हात मागे का नेतो, त्याचंही उत्तर हेच. शिवाय हे सरासरी आकडे आहेत, टेकतानाचा क्षणिक झटका याहून मोठा असतो.

व्हिडिओत काय बघायचं?

• बाजूने शूट करा: टेकल्यावर गुडघे आणि कंबर दोन्ही वाकतात का?
• समोरून शूट करा: गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत राहतात की आत झुकतात? आत झुकणं लिगामेंटसाठी धोक्याचं.
• आवाज ऐका: 'धप्प' आवाज आला, तर झटका पायांनी झेललेला नाही.

गुडघा आधीच दुखत असेल तर हा प्रयोग राहू द्या, आधी डॉक्टरांना दाखवा.

भावाने तीन आठवडे उतरण्याचा सराव करून नवा व्हिडिओ पाठवला. उंची तेवढीच आहे, ३० सेंटीमीटर. तो जरा नाराज आहे. पण यावेळी मी आवाज वाढवून ऐकला, आणि टेकतानाचा 'धप्प' ऐकूच आला नाही.