तळ्याचा श्वास

सोलापूर शहराच्या मध्यभागी, भुईकोट किल्ल्याच्या तटाजवळ सिद्धेश्वराचे तळे आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या हातून ते खोदवून घेतले, अशी परंपरा आहे. मकरसंक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेस जो गेला असेल, त्याला पाण्याने वेढलेले ते देऊळ आठवत असेलच. या मुलखात पाऊस बेताचा, वर्षाकाठी सरासरी सुमारे 550 मिलिमीटर. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा साठलेल्या पाण्याचे मोल येथील माणसास निराळे सांगावे लागत नाही.

एखाद्या तळ्यात कधी कधी विलक्षण प्रकार घडतो. संध्याकाळी उसळ्या मारणारे मासे दुसऱ्या दिवशी सकाळी मरून पाण्यावर तरंगताना दिसतात. कोणी तरी विष कालविले असावे, असे लोक म्हणतात. क्वचित तसे असतेही. परंतु पुष्कळदा ते मासे गुदमरून मेलेले असतात.

पाण्यात राहणारा जीव पाण्यातच गुदमरतो तो कसा? मासा कल्ल्यांनी श्वास घेतो आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू शोषून घेतो. हा साठा फार थोडा असतो. 20 अंश सेल्सिअस उष्णतामानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. 30 अंशांस साडेसात मिलिग्रॅमच मावतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंच असल्यामुळे येथे हे आकडे किंचित कमीच धरावयाचे. हा साठा 5 मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक माशांना त्रास होऊ लागतो, आणि 2 च्या खाली थोडेच मासे तग धरतात.

हा साठा हवेतून येतो, तसाच पाण्यातील शेवाळाकडूनही येतो. ऊन असेपर्यंत शेवाळ अन्न तयार करते आणि प्राणवायू बाहेर सोडते. सूर्य मावळला की हे काम थांबते. श्वसन मात्र चालूच राहते. मासे, शेवाळ आणि तळाच्या गाळातील सूक्ष्म जंतू सारी रात्र त्याच साठ्यावर जगतात. म्हणून पाण्यातील प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. शेवाळ बेताचे असेल तर साठा पुरतो. परंतु गावाचे सांडपाणी आणि शेतातील खत पाण्यात उतरले म्हणजे त्यांतील नत्र व फॉस्फरस यांवर शेवाळ माजते. पाणी हिरवेगार दिसते. पाहणाऱ्यास ते निरोगी वाटते! पुढे ते शेवाळ मरून कुजते, आणि कुजविणारे जंतू उरलासुरला प्राणवायूही संपवितात. त्यात उन्हाळ्याची भर पडली म्हणजे दुहेरी संकट ओढवते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि त्याच उष्णतेने जंतूंची भूक वाढते. तेवढीच घाण माघात जेवढे नुकसान करील, त्याहून वैशाखात अधिक करते.

सोलापूरकरांच्या दृष्टीने ही गोष्ट एका तळ्यापुरती नाही. शहराला भीमेवरील उजनी धरणाचे पाणी मिळते. हे धरण 1980 साली पुरे झाले. त्याच्या वरच्या अंगास मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्या पुणे व पिंपरी-चिंचवड परिसराचे सांडपाणी घेऊन भीमेला मिळतात. 2024 च्या उन्हाळ्यात उजनीचा उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यास हात घालावा लागला. एरवी पाण्याखाली असणारे पळसदेवचे जुने मंदिर अशा वेळी उघडे पडते. पाणी आटते, पण त्यातील घाण त्याबरोबर आटत नाही. ती उरलेल्या पाण्यात अधिक दाट होते.

ही भीमा पंढरपूर ओलांडून कर्नाटकात कृष्णेला मिळते, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे समुद्राचा किनारा दूर असला तरी सोलापूरचे गटार अखेर त्याच वाटेवर आहे. नद्यांच्या मुखाशी खतमिश्रित पाण्यामुळे शेवाळ माजून समुद्राचे पट्टेच्या पट्टे प्राणवायूवाचून राहतात. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या मुखापुढे हे दर उन्हाळ्यात घडते. समुद्रही आता तापत आहे. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे 1958 साली मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साईडचे सुमारे 315 भाग होते. 2024 साली ते 420 हून अधिक झाले. या वायूमुळे पृथ्वीवर अडकून राहणाऱ्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्राने पोटात घेतली आहे. तापलेल्या समुद्राची वाफही अधिक होते. ऑक्टोबर 2020 मध्ये बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे क्षेत्र आंध्राचा किनारा ओलांडून सोलापूरपर्यंत आले आणि भीमेला पूर आला. एका पावसावरून हवामान बदलले असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. त्यासाठी वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात.

अशा नोंदी शाळेतील मुलांनाही ठेवता येतात. इटालियन शास्त्रज्ञ आंजेलो सेक्की याने 1865 साली एक पांढरी तबकडी दोरीने समुद्रात सोडली आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजले. त्याच रीतीने तळ्याच्या पाण्याचा गढूळपणा मोजता येतो. प्राणवायूसाठी हंगेरीच्या विंकलरने 1888 साली दाखविलेली रीत शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली करता येते. बुडबुडा न राहील अशा बेताने बाटली काठोकाठ भरावयाची आणि तीत मँगनीजचा क्षार व अल्कधर्मी आयोडाईड घालावयाचे. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. नसेल तर साका पांढराच राहतो. पुढील रसायनांनी नेमका आकडाही काढता येतो.

दुपारी दोन वाजता भरलेल्या बाटलीत साका चांगला तपकिरी दिसेल, मग तळे कितीही आजारी असो. म्हणून दुसरी बाटली वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन सूर्योदयापूर्वी भरावी लागते, आणि चिठ्ठीवर तारखेबरोबर वेळ व पाण्याचे उष्णतामानही लिहावे लागते.