परांची आणि विजेच्या तारा

१९९३ च्या सप्टेंबरच्या ३० तारखेस पहांटे झालेल्या भूकंपानें धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा भागांतील सास्तूरसारखीं गांवें उद्ध्वस्त झालीं. दगडमातीच्या जाड भिंतींखालीं माणसें दडपलीं. भिंत पक्की असावी, ही जाणीव तेव्हांपासून या मुलखांत खोल रुजली आहे. परंतु ती भिंत रचणारा गवंडी ज्या परांचीवर उभा राहतो, तिच्यापासून विजेची तार किती दूर आहे, हें मोजून पाहण्याचें भान फार थोड्या घरमालकांस असतें.

खांबांवरील पुष्कळ तारा उघड्या असतात. त्यांवर कावळा खुशाल बसतो. कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असल्यानें विजेस त्याच्या देहांतून जमिनीकडे जाण्यास वाट नसते. लोखंडी नळ्यांच्या परांचीवरील माणसाची गोष्ट निराळी. त्याच्या पायांखालचें लोखंड जमिनीस भिडलेलें असतें, आणि हातांतील सळई तारेस लागतांच वाट पुरी होते. कोरडा बांबू विजेचा दुर्वाहक खरा. पण भिंतीवर रोज पाणी मारलें जातें, आणि भिजलेल्या बांबूवर विसंबणें म्हणजे प्राणाशीं खेळणें होय. एक दशांश अँपिअर इतका प्रवाह छातींतून गेला तरी हृदयाची लय बिघडून मृत्यु येऊं शकतो. साठ वॅटच्या जुन्या पद्धतीच्या दिव्यास याच्या दुपटीहून अधिक प्रवाह लागतो. अर्थात् साध्या फ्यूजला अशा अपघाताचा पत्ताहि लागत नाहीं.

नियमाप्रमाणें, घरगुती दाबापासून ११,००० व्होल्टपर्यंतच्या उघड्या तारेपासून इमारत बाजूस निदान १.२ मीटर, म्हणजे सुमारें चार फूट, दूर असावी लागते. त्यापुढें ३३,००० व्होल्टपर्यंत २ मीटर. खरी मेख येथेंच आहे. परांची भिंतीबाहेर जवळजवळ तितकीच जागा व्यापते! म्हणजे पुरें झालेलें घर नियमांत बसतें, आणि तें बांधणारा मात्र तारेस खेटून काम करतो. म्हणूनच या नियमापुरता ‘इमारत’ या शब्दांत तात्पुरत्या उभारणीचाहि समावेश आहे. आणि कामामुळें हें अंतर मोडणार असेल, तर वीजपुरवठादारास व विद्युत् निरीक्षकास आगाऊ लेखी सूचना देण्याचें बंधन मालक व कंत्राटदार दोघांवरहि आहे.

शिवाय तार एका जागीं स्थिर नसते. पौषांतल्या सकाळीं मोजलेलें अंतर वैशाखांत उरत नाहीं. उन्हानें तार लांबते आणि झोळ खालीं येतो. वाऱ्यानें ती झुलते तें वेगळेंच. त्यांत सळईची सामान्य लांबी १२ मीटर. ती वर चढवितांना किंवा वळवितांना तिचें दुसरें टोंक कोठें फिरत आहे, हें धरणाऱ्यास दिसतच नाहीं. अशा वेळीं तारेवर नजर ठेवणारा एक माणूस खालीं निराळा हवा.

तारेवर नळी किंवा गोणपाट चढवून काम उरकण्याचा उपाय फसवा आहे. महावितरणच्या कर्मचाऱ्यांनीं पुरवठा बंद करून तार जमिनीशीं जोडल्यावांचून ती निर्जीव मानूं नये. आपोआप बंद पडलेली तार क्षणांत पुन्हां जिवंत होऊं शकते. कोणी चिकटलाच, तर त्यास हात लावूं नये. प्रथम १९१२ या क्रमांकावर कळवून वीज बंद करवावी. तुटलेली तार जवळ पडली असल्यास पाय जुळवून, लहान उड्या मारीत दूर व्हावें. लांब टांग टाकल्यास दोन पायांखालच्या जमिनीचा दाब वेगळा असल्यानें वीज एका पायांतून दुसऱ्यांत वाहते.