ट्रॅक्टरला दम का लागतो?

बालमित्रांनो, दिवाळी सरली की कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे साखर कारखान्यांचा हंगाम रंगात येतो. रस्त्यावर ट्रॅक्टरच ट्रॅक्टर! मागे उसाने खच्चून भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या. चढ आला की एखादा ट्रॅक्टर सहज निघून जातो, तर दुसरा काळाकुट्ट धूर ओकत, कण्हत-कुथत चढतो. असं का बरं होतं?

तुम्ही जोरात पळालात की धाप लागते ना? कारण शरीराला जास्त हवा हवी असते. इंजिनाचंही तसंच आहे. १ किलो डिझेल पुरतं जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते! ही हवा कोंबून भरण्यासाठी काही ट्रॅक्टरांना आणि बहुतेक ट्रकना ‘टर्बो’ बसवलेला असतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. युक्ती मोठी झकास आहे. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. बाहेर जाणारा गरम धूर एक पंखा फिरवतो आणि दुसरा पंखा ताजी हवा इंजिनात ढकलतो. लहान गाड्यांतला टर्बो तर मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो!

टर्बो बिघडला हे ओळखायचं कसं? डॉक्टर जीभ बघतात, तसा मिस्त्री धूर बघतो. धूर काळा असेल, तर डिझेलच्या मानाने हवा कमी पडतेय. निळसर असेल, तर इंजिनात ऑईल जळतंय. पांढरा धूर येतच राहिला, तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय किंवा पाणी आत शिरतंय. पण काळा धूर दिसला म्हणून हुशार मिस्त्री लगेच महागडा टर्बो बदलत नाही. आधी तो एअर फिल्टर बघतो. उसाच्या फडातल्या धुळीने तो चोंदलेला असतो. मग रबरी पाइपला चीर आहे का, पट्टी सैल आहे का, हे तपासतो. पुष्कळदा दुखणं इथेच सापडतं. ऑईलही वेळेवर बदलावं लागतं, कारण टर्बोचा दांडा ऑईलच्या पातळ थरावरच फिरतो. म्हणून जड ओझं ओढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर हळू चालू ठेवतात.

काही जण ताकद वाढवायला पंपातून नुसतं डिझेल वाढवून घेतात. हवा तेवढीच, डिझेल जास्त! मग धूर वाढतो, इंजिन तापतं आणि पिस्टनसुद्धा वितळू शकतो. टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर बसवला, तर त्याच जागेत जास्त हवा मावते. तरीही कंपनीने ठरवलेल्या मर्यादेबाहेर ओझं लादायचं नाही ते नाहीच.

आता खरी गोष्ट ऐका. ताकद वाढली म्हणून ब्रेक वाढत नाहीत! वेग दुप्पट झाला की थांबवताना ब्रेकवर चौपट काम पडतं. उतारावर तर भरलेल्या ट्रॉल्याच ट्रॅक्टरला मागून ढकलतात. म्हणून इंजिनाच्या आधी ब्रेक, टायर, ट्रॉली जोडायची पिन आणि मागचे लाल रिफ्लेक्टर बघायला हवेत. उतारावर गाडी न्यूट्रल करणं तर धोक्याचंच.

आणि हो, चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायला तुमच्यातले कितीजण धावतात बरं? चालकाला मागचं दिसत नाही, इंजिनाच्या आवाजात तुमची हाक ऐकू येत नाही आणि एवढं ओझं जागच्या जागी थांबतही नाही. ऊस खावासा वाटला, तर शेतावर जाऊन मागून घ्या. कुणी नाही म्हणणार नाही!

या आठवड्यात एक गंमत करा. अंगणात सुरक्षित बसून दहा गाड्यांचा धूर बघा, रंग वहीत लिहा आणि कोणाला काय झालंय ते ओळखा पाहू!