लिबरेटर विमानांचा जीर्णोद्धार

जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करितांना मूळ शिल्पाबरोबर मधल्या काळांतील भर किती राखावी, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांस परिचयाचा आहे. तोच प्रश्न युद्धविमानांच्या बाबतींतहि उद्भवतो, हें बंगळूर येथील एका हँगरच्या हकीकतीवरून दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपल्यावर ब्रिटिश विमानदलाचीं अमेरिकन बनावटीचीं लिबरेटर बाँबफेकी विमानें कानपूर येथें गोळा करण्यांत आलीं. तीं अमेरिकेकडून युद्धापुरतीं मिळालेलीं असल्यामुळें पुन्हां उडूं नयेत, म्हणून त्यांची बुद्ध्या मोडतोड करण्यांत आली. चार एंजिनांचीं व ११० फूट पंखविस्ताराचीं हीं धुडें भंगारांतच जावयाचीं होतीं.

परंतु स्वतंत्र भारतास लांब पल्ल्याचीं बाँबफेकी विमानें हवीं होतीं, आणि १९४८ सालीं तें काम बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याकडे आलें. कानपुरास कारागिरांनीं एका विमानाचे भाग दुसऱ्यास बसवून एक उड्डाण निभेल इतकी डागडुजी केली. नंतर कारखान्याचे चाचणी-वैमानिक जे. के. मुन्शी यांनीं तीं विमानें बंगळुरास उडवीत नेलीं. तेथील हँगरमध्यें त्यांची संपूर्ण दुरुस्ती झाली. नोव्हेंबर १९४८ मध्यें भारतीय विमानदलाची ५ क्रमांकाची तुकडी याच विमानांवर उभी राहिली, आणि तीं १९६८ पर्यंत सेवेंत होतीं.

अमेरिकेंत १८,००० हून अधिक लिबरेटर विमानें तयार झालीं होतीं. पण युद्धानंतर तीं बहुतेक मोडीत निघालीं. त्यामुळें भारतानें निवृत्त केलेल्या विमानांस परदेशांतून मागणी आली. एक १९७४ सालीं ब्रिटनच्या विमानदल-संग्रहालयासाठीं गेलें. दुसरें अमेरिकेंत नव्यानें दुरुस्त होऊन १९८९ सालीं पुन्हां उडालें. मात्र दोहोंवर महायुद्धकालीन रंग व चिन्हें चढलीं, आणि भारतांतील वीस वर्षें त्यांखालीं झांकलीं गेलीं.

युद्धांत कामास आलेल्या विमानांच्या स्मरणार्थ तो वेष दिला, हें समजण्यासारखें आहे. पण ज्या विमानांत दुसऱ्यांचे भाग मिसळले, त्यांचें ‘मूळ’ रूप कोणतें म्हणावयाचें? पोथीच्या शेवटीं लेखनिक आपली पुष्पिका लिहितो. ती गाळून छापणारा संपादक ग्रंथाचा पाठ राखील. पण ती पोथी कोणाच्या हातून आपणांपर्यंत आली, हा पुरावा गमावील. बंगळूरची दुरुस्ती ही या विमानांची पुष्पिकाच होय. रंग कोणताहि असो, विमानाशेजारच्या पाटीवर कानपूर व बंगळूर हीं दोन नांवें असलींच पाहिजेत. कारण तेथील कारागिरांचे हात लागले नसते, तर आज रंग देण्यास विमानच उरलें नसतें.